ऐकणारा कास्तकार आणि बोलणारा कास्तकार

(कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशीम येथे शेतकरी स्त्रीपुरुषांच्या सभेत झालेले भाषण.)



सभेच्या चालकांनी मला विषय दिला तो असा की, शेतकऱ्याने बातमीची साधने कशी वापरावी आणि आपले गाऱ्हाणे सरकारदरबारी कसे न्यावे. हल्ली ज्याच्या त्याच्या सदऱ्याच्या खिशात मोबाईल आहे. त्यात भाव दिसतो, पाऊस दिसतो, मंत्र्यांचे भाषणही ऐकू येते. तेव्हा यात नवे ते काय सांगायचे, असे तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात आले असेल. माझा उलट प्रश्न आहे. बातमी इतकी घरात येऊन पडली असता कास्तकार अजून नागवला का जातो? सोयाबीनची पोती घेऊन गेलेला माणूस बाजारातून खाली मान घालून परत का येतो?

माझे उत्तर मी आधीच सांगून टाकतो. साधन कोणतेही असो, तार असो, वर्तमानपत्र असो, रेडिओ असो की मोबाईल असो, जो नुसता ऐकतो त्याच्या पदरात थोडेच पडते. जो ऐकून चार माणसांत विचार करतो, आपल्या हाताने लिहितो आणि चौघांच्या जोरावर उलट बोलतो, त्याच्याच ते साधन कामी येते. बाकीच्यांच्या हातात ते दुसऱ्याचे हत्यार होय. हे म्हणणे खरे की खोटे, ते तुम्हीच पारखून घ्या. त्यासाठी मी तुम्हांस फार लांब नेणार नाही, आधी आपल्या कारंज्यालाच नेतो.

कारंजा हे साधे गाव नव्हे. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंज्याचा कापसाचा बाजार नियमांखाली आणला गेला, आणि हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचे नाव पुस्तकांत येते. ऐकून छाती फुगते खरी. परंतु तो बाजार कोणासाठी नीट केला? मँचेस्टरच्या गिरण्यांस चोख कापूस वेळेवर आणि बेताच्या दरात मिळावा म्हणून. वऱ्हाडच्या कुणब्याला चोख भाव मिळावा ही चिंता त्या हुकमाच्या मुळाशी नव्हती. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, बाजारासाठी कमिट्या नेमल्या गेल्या, आणि त्या कमिट्यांत व्यापारी बसले. माल ज्याचा त्याला खुर्ची नव्हती. १९२८ साली शेतकीच्या शाही कमिशनने आपला अहवाल दिला, तेव्हा वऱ्हाडच्या बाजारांची वाखाणणी करतानाच हे व्यंग त्यासही दिसले होते.

आता बातमीचे पाहा. १८७० साली मुंबई ते विलायत समुद्राखालून तार जोडली गेली. त्याच साली लॉर्ड मेयो साहेबांनी खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन केले. तेव्हापासून लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या पेढीवर तारेने येऊ लागला. म्हणजे आज ज्याला आपण बातमीचे युग म्हणतो ते आपल्या वऱ्हाडात दीडशे वर्षांपूर्वीच आले होते, मात्र ते पेढीच्या उंबरठ्याशी थांबले. तार वाचणारा आत गादीवर, आणि कापसाच्या बंडीवरचा माणूस बाहेर उन्हात. शेकडो कोस दूरचा भाव पेढीवाल्याला ठाऊक, आणि दोन हातांवर बसलेल्या कास्तकाराला मात्र रुमालाआड बोटे दाबून सौदा ठरला तरी त्याचा पत्ता नाही! कापसाला ओढून नेण्यासाठी मूर्तिजापूर–यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडीसुद्धा कारंज्यावरून धावली. माल जाण्याची सोय झाली, भावाची बातमी येण्याची सोय झाली, आणि या दोहोंच्या मधला जो कुणबी, तो होता तेथेच राहिला. तारेचा यात दोष नाही. ज्याला वाचता येत नव्हते, ज्याचा माल पेरणीच्या वेळीच सावकाराकडे गहाण होता आणि जो एकटा होता, त्याला तारेचा उपयोग शून्य होता.

हे मर्म प्रथम ओळखले ते महात्मा जोतीराव फुले यांनी आणि त्यांच्या सत्यशोधक मंडळींनी. १८७५ साली सुप्याला आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे काढून जाळले. शत्रू कोठे लपला आहे हे त्या निरक्षर माणसांना बरोबर कळले होते, तो कागदात लपला होता. परंतु कागद जाळून एका रात्रीची ऊब मिळते. खरा उपाय आपला कागद आपण लिहिणे हा आहे. म्हणून १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढला आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईत चालविला. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे पहिले दोन भाग छापून ‘दीनबंधु’ने पुढचे छापणे थांबविले, तेव्हा जोतीराव स्वस्थ बसले नाहीत. पुस्तक पुरे छापून निघण्याची वाट न पाहता त्यांनी ते ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखविले. ज्याला अक्षर येत नाही त्याला कान आहेत, आणि चार कान एकत्र आले की तेथे सभा होते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९१० साली मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातून ‘दीनमित्र’ सुरू केला आणि तरवडीसारख्या खेड्यातून पन्नासांहून अधिक वर्षे चालविला. शहराच्या पेठेत बसून खेड्याविषयी लिहिणारे पुष्कळ होते, खेड्यात छापखाना मांडून खेड्याच्या तोंडाने बोलणारे हे पहिले. आपल्या वऱ्हाडात पापळच्या डॉक्टर पंजाबराव देशमुखांनी शाळा-वसतिगृहांचे जाळे विणले आणि १९५५ साली भारत कृषक समाज काढला, तोही याच समजुतीने की, शेतकऱ्याला शिक्षण आणि आवाज दोन्ही पाहिजेत, एकाने भागत नाही.

बंधूंनो, आता मी तुम्हांस दोन प्रयोग सांगतो. दोन्ही आपल्या महाराष्ट्रातले आहेत.

पहिला १९५६ सालचा. युनेस्को आणि आकाशवाणी यांनी मिळून पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओवरील शेतकरी मंडळे काढली. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता, म्हणून आपल्या वाट्याला ते आले नाही. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. गावातील पंधरा-वीस माणसांनी एकत्र बसून रेडिओ ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, शंका असतील त्या लिहून केंद्राकडे धाडायच्या आणि पटेल ते करून पाहायचे. केंद्राने पुढच्या कार्यक्रमात त्या शंकांना उत्तर द्यायचे. पॉल न्यूराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने याची तपासणी केली. मंडळाची गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि रेडिओच नाही अशी गावे, यांची त्याने तुलना केली. मंडळाच्या गावांत लोकांचे ज्ञान भरपूर वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फार थोडे वाढले. पेटी तीच, आवाज तोच, कार्यक्रमही तोच! फरक होता तो एकत्र बसण्याचा आणि उलट विचारण्याचा.

दुसरा प्रयोग पन्नास वर्षांनंतरचा. २००७ साली रॉयटर्स कंपनीने महाराष्ट्रात ‘मार्केट लाइट’ नावाची सेवा काढली. शेतकऱ्याच्या मोबाईलवर भाव, हवामान आणि पिकाचा सल्ला संदेशाने येत असे. फाफशांप आणि मिंटेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १०० गावांतील ९३३ शेतकऱ्यांवर तिची परीक्षा केली. काहींना ही सेवा वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही. २०१२ साली त्यांचा निबंध छापून आला. त्याचा निष्कर्ष असा की, संदेश मिळणाऱ्यांना सरासरीने अधिक भाव मिळाला असे दिसले नाही, आणि पावसाने होणारे नुकसानही ठळकपणे कमी झाले नाही. येथे प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र यंत्र होते, ते प्रत्येकाने एकट्याने वाचले आणि एकट्यानेच माल विकला.

कोणी म्हणेल, मग मोबाईल कुचकामी आहे काय? मुळीच नाही. केरळात याच्या उलट घडले. १९९७ ते २००१ या काळात तेथील किनाऱ्यावर मोबाईल आला. रॉबर्ट जेन्सन या अभ्यासकाने पाहिले की, मासेमार समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदराला गिऱ्हाईक आहे ते विचारू लागले. पूर्वी एका बंदरात मासळी फुकट फेकावी लागे आणि शेजारच्या बंदरात गिऱ्हाईक ताटकळत असे. ती नासाडी थांबली, मासेमाराचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त पडली. असे तेथे का झाले? कारण मासेमाराची नाव मोकळी होती. भाव कळताच तो तिचे तोंड दुसऱ्या बंदराकडे फिरवू शकत होता.

आपल्या कास्तकाराची नाव मोकळी आहे काय? सोयाबीन सोंगून थ्रेशरमधून निघते न निघते तोच कृषी केंद्राची उधारी उभी राहते. बियाणे त्याचे, खत त्याचे, फवारणीचे औषध त्याचे, आणि पुष्कळदा माल घेणाराही तोच किंवा त्याचा भाऊबंद. दिवाळी दारात असते, रब्बीचा हरभरा पेरायचा असतो, घरात पोती ठेवायला कोरडी जागा नसते. मोबाईलवर अमरावतीचा भाव शंभर रुपयांनी अधिक दिसला, तरी गाडीभाडे, हमाली आणि उधारीवाल्याची नाराजी यांचा हिशेब करता तो निमूटपणे जवळच्याच काट्यावर पोती टाकतो. भाव कळला, पण नाव बांधलेलीच राहिली. तेव्हा जो पुढारी म्हणतो की, शेतकऱ्याला मोबाईलवर भाव दाखविला म्हणजे त्याचे कल्याण झाले, तो एकतर भोळा आहे किंवा लबाड आहे. बातमीबरोबर कोठार पाहिजे आणि कोठाराबरोबर उसंत पाहिजे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना त्याचसाठी आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवा, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सालीना ६ टक्के व्याजाने कर्ज घ्या, आणि सहा महिन्यांच्या आत भाव पाहून विका. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे काय, गोदामात जागा किती, गेल्या साली किती कास्तकारांनी लाभ घेतला, हे प्रश्न तुमच्यापैकी कितीजणांनी समितीला लेखी विचारले आहेत? समितीवर आज शेतकऱ्यांचे प्रतिनिधी निवडून जातात. १८९७ साली खुर्ची नव्हती, आज खुर्ची आहे. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला प्रश्न विचारणारा मात्र अजून उभा राहायचा आहे.

आता मी सर्वांत नाजूक गोष्टीकडे येतो. पूर्वी आपल्या वावरात काय पेरले हे आपण सांगत नसू, पटवारी लिहीत असे. त्याने कपाशी लिहिली तर कपाशी, पडीक लिहिली तर पडीक. कागद त्याच्या दप्तरात, आणि दप्तराची भाषा आपल्याला कळेना. जोतीरावांनी ज्या कलमकसाईपणावर असूड ओढला तो हाच. कोणत्या जातीचा मनुष्य दप्तर राखतो हा प्रश्न त्याच्या एका अंगाचा आहे, दुसऱ्याचा कागद आपल्या मुठीत ठेवून त्याला मिंधे करणे हे त्याचे मूळ अंग आहे. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू केली. आपल्या वावरात उभे राहून, मोबाईलने फोटो काढून, आपले पीक आपणच सातबाऱ्यावर नोंदवायचे. मंडळी, ही लहान गोष्ट समजू नका. पिढ्यान्‌पिढ्या जी लेखणी दुसऱ्याच्या हाती होती, तिचा एक कोपरा कास्तकाराच्या हाती आला.

आणि आपण काय केले? कित्येकांनी तो कोपरा पुन्हा दुसऱ्याच्या हाती दिला. फोन माझा, पण तो चालविणार पुतण्या. अर्ज माझा, पण भरणार चौकातील सेवा केंद्रवाला. बँकेचा गुप्त आकडा आला की, तो वाचून सांगायचा त्यालाच. २०२५ च्या एप्रिलपासून शेतीच्या सरकारी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याच साली कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ हे मोबाईलवरचे नोंदणीचे साधन आणले. म्हणजे ज्याची नोंद नाही, त्याच्या कापसाला हमीभावाचे दार बंद! अशा वेळी जो आपली नोंद आपण करू शकत नाही त्याने नवा पटवारी जन्माला घातला आहे असे मी म्हणेन. हा नवा पटवारी कोणत्याही जातीचा असेल, आपल्याच आळीतला असेल, गोड बोलणारा असेल. केंद्रवाला लबाडच असतो असे माझे म्हणणे नाही, त्यांत प्रामाणिक पोरेही पुष्कळ आहेत. परंतु ज्याची किल्ली दुसऱ्याकडे, त्याच्या कोठाराचा मालक कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि भगिनींनो, तुमच्याविषयी बोलल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. निंदण तुमचे, कापूस वेचणी तुमची, सोंगणीत बरोबरीचा घाम तुमचा. पण सातबाऱ्यावर नाव धन्याचे, आणि म्हणून नोंद, संदेश, अनुदान आणि विमा हे सारे त्याच्या फोनवर. धनी गेल्यावर पहिल्यांदा बाईला कळते की घराचा सारा व्यवहार त्या एका यंत्रात होता आणि त्याचे कुलूप तिला उघडता येत नाही. सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींच्या हाती पाटी दिली. आज पाटीच्या जागी मोबाईल आहे. तो घरात आहे म्हणून तो तुमचा झाला असे नव्हे, वारसाची नोंद आणि सातबाऱ्यावर नाव यांचा आग्रह धरा, मग संदेश तुमच्याही नावाने येतील.

बातमी न कळल्याने केवळ पैसा बुडतो असे नाही, जीवही जातो. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावर सूचना होत्या, परंतु मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. त्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. एवढी एक खूण निरक्षर मजुरालाही सांगता येते. ती सांगायला फोन लागत नाही, पैसा लागत नाही, आपुलकी लागते. फवारणारा मजूर बहुधा भूमिहीन असतो, त्याचे नाव कोणत्याच शेतकरी यादीत नसते, त्याला कोणताच संदेश जात नाही. तेव्हा ज्याच्या वावरात तो फवारतो त्या मालकाने त्याला ती बातमी दिली पाहिजे. आपण सरकारला म्हणतो की, आम्हांला कळवा. तोच न्याय आपण आपल्या मजुराला लावणार की नाही?

नियम किती झपाट्याने फिरतात तेही पाहा. पीक विम्यात असे होते की, वावरात पाणी तुंबले, गारपीट झाली, तर ७२ तासांच्या आत कळवायचे. २०२३ च्या खरिपापासून राज्याने एका रुपयात विमा दिला. २०२५ च्या खरिपापासून तो एक रुपया गेला, शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला, आणि भरपाई महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगावर ठरवावी असे राज्याने केले. म्हणजे ज्या कास्तकाराला २०२५ साली हा बदल कळला नाही, तो वावरात उभा राहून ७२ तासांचा फोन लावीत बसला आणि इकडे त्याच्या मंडळात कापणी प्रयोग उरकूनही गेला! तो प्रयोग कोणत्या गावात, कोणत्या गटात, कोणत्या दिवशी होणार, आणि किती चौरस मीटरचा तुकडा सोंगून किती किलो दाणा निघाला, हे पाहायला गावची चार माणसे तेथे उभी राहिली पाहिजेत. त्या तुकड्याच्या वजनावर साऱ्या मंडळाची भरपाई तोलली जाते.

गाऱ्हाणे एकमुखी झाले म्हणजे काय होते याचाही दाखला आहे. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा असा दंडक होता. २०२४ च्या हंगामात परतीच्या पावसाने दाणा ओला राहिला, केंद्रावरून पोती माघारी जाऊ लागली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून ओरड झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ती मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्के केली. विधानसभेचे मतदान तेव्हा तोंडावर होते हे विसरू नका. यातून दोन धडे निघतात. पहिला, दंडक हा दगडावरची रेघ नव्हे, तो हलतो. दुसरा, तो मतदानाच्या हंगामात हलतो, आणि आपली सोंगणी दर साली येते. म्हणून आपला आवाज निवडणुकीपुरता नको, तो बाजाराच्या वारासारखा आठवड्याच्या आठवड्याला निघाला पाहिजे.

मोठ्या चळवळींनीही हेच शिकविले आहे. १९७९ साली चाकणला शरद जोशींनी कांद्याचा प्रश्न हाती घेतला तेव्हा त्यांनी ‘वारकरी’ साप्ताहिकही काढले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सोललेल्या पायांची छायाचित्रे फोनाफोनांतून देशभर गेली, आणि ज्या शहराला शेतकरी दिसत नव्हता त्याला तो दिसला. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या शेतकऱ्यांनी मोबाईलवर आपली बातमी आपण दिली, आणि तेवढ्यावर न थांबता ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचे छापील पत्रही काढले. का? कारण ट्रॉलीत बसलेल्या म्हाताऱ्याला कागद हातात धरून चौघांना वाचून दाखविता येतो. जोतीराव वाचून दाखवीत होते, तीच ही रीत.

तर मग आपण कामरगावकरांनी काय करावे? मी पाच गोष्टी सुचवितो. यासाठी वर्गणी लागत नाही.

पहिली, आठवड्यातून एक वार ठरवा आणि पारावर, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत बसा. गावातील एखाद्या शिकत्या मुलाने किंवा मुलीने कारंजा, मूर्तिजापूर आणि अमरावती या बाजारांचे त्या आठवड्याचे भाव, हवामानाचा अंदाज आणि नवे सरकारी हुकूम मोठ्याने वाचावे. भाव फळ्यावर लिहून ठेवावेत. फोनवर आलेली प्रत्येक बातमी खरी नसते. कोणी पाठविली, कोणत्या तारखेची, मूळ हुकूम कोठे आहे, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज ती पुढे ढकलू नये.

दुसरी, बैठकीत ज्या शंकेचे उत्तर मिळणार नाही ती तेथूनच विचारावी. २००४ सालापासून किसान कॉल सेंटर आहे. त्याचा क्रमांक १८००-१८०-१५५१, फोन फुकट आहे आणि उत्तर मराठीत मिळते. सर्वांच्या देखत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या गावाच्या मालकीचे होते.

तिसरी, प्रत्येक घरातील एका स्त्रीने आणि एका पुरुषाने आपली पीक पाहणी, आपला सातबारा आणि आपली नोंदणी स्वतःच्या हाताने करायला शिकावे. बँकेचा गुप्त आकडा पुतण्यालाही सांगू नये, मग केंद्रवाल्याची गोष्ट दूर.

चौथी, तोंडी गाऱ्हाणे बंद करावे. काट्यावर कट्टी अधिक कापली, ओलावा मोजण्याचे यंत्र दाखविले नाही, पोते माघारी धाडले, तर तारखेसह फोटो काढा, पावती मागा, अर्ज लिहा आणि त्याची पोच घ्या. सरकारी कापूस खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पुरा भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्यावर नकार, हा नियम पाठ असला म्हणजे कोणी मनमानी आकडा सांगू शकत नाही. २०२५–२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० ठरला होता. असे आकडे दर साली गावच्या फळ्यावर ठळक लिहावेत. कचेरीने उत्तर दिले नाही तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. कापूस विकताना जेवढी घासाघीस आपण करतो त्याच्या शतांशानेही हा कायदा आपण वापरलेला नाही.

पाचवी, अर्ज एकट्याचा नको. एका कास्तकाराचा अर्ज कचेरीच्या टोपलीत जातो, तारीख, फोटो आणि वजन घातलेले पन्नास अर्ज टोपलीत मावत नाहीत. त्याची एक प्रत आपल्या वर्तमानपत्राकडे धाडा. छापणे हे आमचे काम, पण लिहिणे तुमचे.

कोणी म्हणतील, आम्हांला वेळ नाही. वखर, डवरे, रोह्यांची राखण, यांतून उसंत कोठे? बाबांनो, सायंकाळी पारावर बसून परक्या पुढाऱ्यांच्या भांडणांची चित्रे फोनवर पाहायला तुम्हांला तास मिळतो, हे मी काही अनुमानाने बोलत नाही. त्यातला अर्धा तास आपल्या पोटाच्या कामाला द्या. कोणी म्हणतील, हे राजकारण झाले. आपल्या मालाचे वजन बरोबर झाले की नाही हे पाहणे जर राजकारण असेल, तर ते शेतकऱ्याने न केल्यानेच आजवर दुसऱ्यांनी ते त्याच्या जिवावर केले आहे.

तारेने पेढी श्रीमंत झाली, कारण पेढीवाला वाचत होता आणि पेढीवाले आपसांत एक होते. मोबाईल कोणाला श्रीमंत करील हे अजून ठरायचे आहे. ते मुंबई-दिल्लीत ठरेल असे समजून गप्प बसू नका. पुढच्या आठवड्यात कामरगावच्या पारावर पहिली बैठक बसते की नाही, आणि पहिला लेखी प्रश्न बाजार समितीकडे जातो की नाही, यावर ते ठरेल. आपण शांतपणे ऐकून घेतलेत. परंतु एवढी शांतता बाजाराच्या काट्यापुढे राखू नका.